आधी बातमी, मग झाडू

वेल्सची राजधानी कार्डिफ. तिच्या कुठल्याही उपनगरातल्या रहिवासी संघाचं पत्रक उचललं, तर मजकूर साधारण एकाच वळणाचा सापडतो. शनिवारी सकाळी ओढ्याकाठचा कचरा वेचायला जमायचं आहे, हातमोजे आणि चिमटे मिळतील. सभागृहाच्या बॉयलरसाठी निधी हवा आहे. खजिनदार पद सोडताहेत, इच्छुकांनी चिटणिसांना भेटावं. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर बारा सदनिका बांधायचा बेत आहे, हरकती अमुक तारखेच्या आत. वार्षिक सभेला यावं, चहा-बिस्किटांची सोय आहे. हा मजकूर वाचून दोन प्रकारची माणसं दोन टोकांना जातात. एकाला यात लोकशाहीची मुळं दिसतात, दुसऱ्याला फुकट मजुरीचा मस्टर. मी पहिल्या बाजूचा. पण माझ्या बाजूचे लोक या संघांचं ज्या कारणांनी कौतुक करतात ती कारणं मला पटत नाहीत, आणि समोरच्यांचे आक्षेप पुष्कळदा आमच्या कौतुकापेक्षा वजनदार वाटतात. तेव्हा शास्त्रग्रंथांच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे पूर्वपक्षाला आधी बोलू द्यावं, हे बरं. तो संकोची नाही.

“सरळ मुद्द्यावर येतो. २०१० नंतर लंडनच्या सरकारनं काटकसर मांडली. वेल्सच्या वाट्याचा पैसा आटला आणि ती टंचाई वेल्स सरकारकडून पालिकांपर्यंत झिरपत गेली. पालिकांनी काय केलं? ग्रंथालयं, युवा केंद्रं, बगीच्यांतली छोटी सभागृहं यांच्या किल्ल्या घेऊन त्या रहिवाशांच्या दारात उभ्या राहिल्या. चालवता का? नाहीतर बंद करतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात कार्डिफ पालिकेनं सात शाखा-ग्रंथालयांचा पैसा काढून घ्यायचं योजलं होतं, रूबायनासारख्या खात्यापित्या उपनगराचंही नाव त्यात होतं. शेजारच्या न्यूपोर्ट शहरात मेंडीचं ग्रंथालय २०१५ साली पालिकेनं बंदच केलं. मग ‘मेंडी अनलिमिटेड’ या स्थानिक संस्थेनं ते स्वयंसेवकांच्या बळावर उघडलं. पगारी ग्रंथपाल गेला आणि पाळ्या लावून बसणारे हौशी लोक आले. याला तुम्ही समाजाची ताकद म्हणणार. मी म्हणतो, दुसऱ्याच्या तुटलेल्या नोकरीवर उभं राहून केलेलं हे पुण्यकर्म आहे.”

यातलं बरंचसं खरं आहे. किल्ली पुढं करण्याची ती रीत मानभावीपणाची होती. निर्णय आधीच झालेला, आणि वर निवड तुमचीच असा आव. पण तुम्ही दिलेली दोन उदाहरणं जरा शेजारी-शेजारी ठेवून पाहू. कार्डिफमध्ये बातमी फुटताच लोकांनी पाळ्यांचं वेळापत्रक करायला घेतलं नाही. सह्या गोळा झाल्या, ग्रंथालयांच्या दारात निदर्शनं झाली, नगरसेवकांना जाब विचारला गेला. पाठीशी १९६४ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा होता. तो वेल्सलाही लागू आहे, आणि सर्वांना पुरेशी ग्रंथालयसेवा देणं हे त्यात पालिकेचं कर्तव्य ठरवलेलं आहे, ती पालिकेची मर्जी नाही. मूळ प्रस्ताव मागे पडला. शाखा राहिल्या, काही ठिकाणी ‘हब’ हे नवं नाव घेऊन, म्हणजे पुस्तकांच्या कपाटांशेजारी घरभाडं, भत्ते, नोकरी यांचा सल्ला देणारी टेबलं मांडून. पुस्तकवेड्यांना हा सौदा फारसा रुचला नाही, आणि गुलाल उधळावा असं त्यात मलाही काही दिसत नाही. पण आत पगारी माणूस राहिला. मेंडीच्या लोकांनी केलं तेही कमी नाही. त्यांनी हात आखडता घेतला असता तर तिथं आज कुलूप दिसलं असतं. तरीही दारं उघडी ठेवायला दरवर्षी अनुदानाचे अर्ज लिहावे लागणं, आणि दारं उघडी ठेवणं हे दुसऱ्याचं कर्तव्य असल्याचं त्याला बजावता येणं, या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

माझं म्हणणं या फरकातून निघतं. रहिवासी संघ दोन कामं करतो. एक श्रमाचं: कचरा वेचणं, सभागृह चालवणं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं-आणणं, जत्रेला मांडव घालणं. दुसरं पाळत ठेवण्याचं आणि वार्ता पोचवण्याचं: कुठला अर्ज आला, कुठली बस बंद होतेय, अंदाजपत्रकात कुणाच्या नावावर काट मारली. सरकारी अहवालांत पहिल्याचं कौतुक असतं, कारण ते तासांत मोजता येतं आणि तासांना पौंडांनी गुणता येतं. दुसऱ्याचा उल्लेखही नसतो, कारण त्यातून कोणाचेही पैसे वाचत नाहीत, उलट पालिकेचा खर्च वाढतो. मी संघांच्या बाजूनं उभा आहे तो या दुसऱ्या कामासाठी. पहिलं काम दुसऱ्याच्या पोटातून आलं तर त्यात जीव असतो. दुसऱ्याशिवाय आलं तर तुमचा मस्टर खरा ठरतो.

“हे सोयीस्कर झालं. तुमच्या वेल्सचा सगळ्यांत मोठा दाखला तर माझ्या बाजूचा आहे. ट्रेडेगरच्या खाणकामगारांनी १८९० मध्ये वैद्यकीय मदत संस्था काढली. पगारातून वर्गणी कापून डॉक्टर, औषधं, चष्मे, सगळं. पुढं जवळजवळ अख्खं गाव तिच्या छत्राखाली आलं. अन्युरिन बेव्हन त्याच गावचा. त्यानं ते काम आतून पाहिलं होतं. मग आरोग्यमंत्री झाल्यावर त्यानं गावोगावी अशा संस्था काढा म्हणून उपदेश केला का? ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवाच सुरू केली. वर्गणीवर चालणारं काम ट्रेडेगरमध्ये चांगलं आणि पुढच्या दरीत शून्य, हे त्याला माहीत होतं.”

हा दाखला मी आनंदानं घेतो, कारण तो आपल्या दोघांचा आहे. ट्रेडेगरची संस्था म्हणजे गरजूंना औषध वाटणारा एखादा धर्मादाय दवाखाना नव्हता. तिच्या समितीवर कामगार होते, डॉक्टरांची नेमणूक ते करत, हिशेब ते तपासत, आणि तिथं बसूनच ते रुग्णालयाचा कारभार शिकले. बेव्हन स्वतः तिथल्या रुग्णालयाच्या समितीवर होता. आरोग्यसेवा राष्ट्राची झाली तेव्हा संसदेत मांडायला हातात नमुना होता आणि तो नमुना चालवलेली माणसं हयात होती. म्हणजे स्वयंसेवेनं आधी एक गोष्ट शक्य आहे हे दाखवलं आणि मग ती हक्क म्हणून मागितली. तुमच्या तक्रारीतली २०१० नंतरची स्वयंसेवा नेमकी उलट दिशेनं चालते. हक्क असलेली गोष्ट ती हौशीच्या खात्यात जमा करते. दिशा कोणती, हा प्रश्न प्रत्येक संघानं आपल्या प्रत्येक उपक्रमाला विचारायला हवा, आणि तो विचारायचा तर सभासदांना पालिकेत काय चाललं आहे ते ठाऊक हवं. म्हणून मी वार्तेला श्रमाच्या आधी बसवतो.

वार्तेचं महत्त्व मी फुगवतो आहे असं वाटत असेल, तर बांधकामाच्या अर्जांचं उदाहरण घ्या. वेल्समध्ये २०१६ पासून दहा किंवा त्याहून जास्त घरांचा बेत असेल तर पालिकेकडे अर्ज करण्याआधी विकासकानं किमान २८ दिवस स्थानिकांचं म्हणणं मागवावं, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण २८ दिवस म्हणजे किती? खांबाला बांधलेली सूचना तिथल्या पावसात आठवडाभरात लगदा होते. संघाचं पत्रक तिमाही असेल तर ते दारात पडेपर्यंत मुदत कधीच संपलेली असते. मासिक असेल तर कसंबसं जमतं. मुदतीच्या आत प्रत्येक घरात दोन ओळी पोचवणं, एवढ्या एका कामासाठी पाच-सहा माणसांनी वर्षभर संध्याकाळी रस्ते तुडवले, तर तीच माझ्या हिशेबी उपनगरातली सर्वांत मोलाची स्वयंसेवा. तिला हातमोजे लागत नाहीत आणि तिचे फोटोही चांगले येत नाहीत.

आणि हे काम करणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. पोर्ट टॅल्बट या पोलादाच्या गावाचं ‘गार्डियन’ साप्ताहिक २००९ मध्ये बंद पडलं. काही पत्रकारांनी सहकारी तत्त्वावर ‘पोर्ट टॅल्बट मॅग्नेट’ काढून ती पोकळी भरून पाहिली. २०१६ मध्ये तेही थांबलं. त्यांच्यापैकी रेचेल हॉवेल्स यांनी कार्डिफ विद्यापीठात याच पोकळीवर प्रबंध लिहिला. वार्ताहर गावातून उठून गेल्यावर सभांना हजर राहणारं कोणी उरत नाही, छापल्या जाणाऱ्या बातम्यांतून साध्या रहिवाशाचा आवाज कमी होत जातो, आणि लोक अंदाज व अफवांवर दिवस काढतात, असं त्यातून दिसतं. आता फोनवरचे गट आहेत की, असं म्हणाल. आहेत, आणि हरवलेलं मांजर शोधायला ते उत्तम आहेत. पण त्यांत चुकीची दुरुस्ती छापायला बांधलेला संपादक नसतो.

वेल्सला या बाबतीत स्वतःची अशी एक परंपरा आहे आणि तिचा उगम कार्डिफमध्येच आहे, हे मला विशेष वाटतं. १९७३ साली तिथं ‘अ दिनेसिद’, म्हणजे ‘नागरिक’, या नावाचं वेल्श भाषेतलं मासिक पत्र निघालं. ‘पापिर ब्रो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरपत्रांपैकी ते पहिलं. इंग्रजी बोलणाऱ्या राजधानीत विखुरलेल्या वेल्शभाषक कुटुंबांना एकमेकांची खबर लागावी, हा साधा हेतू. बघता बघता वेल्सभर अशी डझनावारी पत्रं उभी राहिली. ती लिहिणारे, जुळवणारे, वाटणारे सगळे बिनपगारी. त्यांत मोठी पत्रकारिता क्वचितच असते. शाळेचे निकाल, चॅपलमधले कार्यक्रम, मृत्युलेख, कोणाच्या भोपळ्याला बक्षीस मिळालं, असा मजकूर. पण मरणपंथाला लागली म्हणून जिची मोजदाद होत होती, त्या भाषेत सार्वजनिक गद्य लिहिणारी शेकडो हौशी माणसं या पत्रांनी घडवली. भोपळ्याच्या बातमीला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

“पत्रक काढायला, सभेला बसायला, हरकत लिहायला वेळ लागतो. तो कोणाकडे असतो? कर्ज फिटलेल्या घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाकडे. दोन पाळ्यांत साफसफाई करणाऱ्या बाईकडे नाही. म्हणून रूबायनात संघ फुलतो आणि ईलीत नाही. तुमची स्वयंसेवा ज्यांचं आधीच चांगलं चाललं आहे त्यांचं आणखी चांगलं करते.”

हा माझ्या मते सर्वांत जड आक्षेप आहे, आणि त्यात अर्धी गोष्ट अगदी बरोबर आहे. रूबायनाचंच पाहा. त्याचं जुनं उद्यानग्राम कार्डिफच्या कामगार सहकारी संस्थेनं वसवलं, १९१३ मध्ये पहिली ३४ घरं झाली. भाडेकरूच भागधारक, अशी कल्पना. कार्डिफच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एच. स्टॅन्ली जेव्हन्स या खटपटीत पुढं होते. (हेच जेव्हन्स १९१४ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात आले आणि त्यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ सुरू केलं, आपल्याकडच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते नाव अनोळखी नसावं.) सहकाराचं बी लावलेल्या त्या गावात आज घर घेणं सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर आहे. पांढऱ्या भिंती, कापलेली कुंपणं, संरक्षित वारसा. तेव्हा संघ फुलायला पैशाची आणि सवडीची जमीन लागते, हे मान्य.

पण ईलीत संघ फुलत नाही हे तुमचं विधान साफ चूक आहे. कार्डिफच्या पश्चिमेला ईली आणि केराउ ही पालिकेनं बांधलेल्या घरांची उपनगरं. वेल्स सरकारनं २००१ मध्ये ‘कम्युनिटीज फर्स्ट’ ही योजना काढली आणि अशा वस्त्यांत पगारी कार्यकर्ते नेमले. त्यांचं काम सेवा पुरवणं एवढंच नव्हतं, लोकांना एकत्र बसवणं हेही होतं. तिथं २०११ मध्ये ‘ॲक्शन इन केराउ अँड ईली’ ही रहिवाशांची संस्था उभी राहिली. त्याच सुमारास कार्डिफ विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांबरोबर केराउच्या टेकडीवरच्या लोहयुगीन किल्ल्याचं उत्खनन सुरू झालं. तिथं माती चाळणारे हात त्याच घरांतले होते: शाळकरी पोरं, बेकार तरुण, आज्या. तुमच्या हिशेबानं सवड नसलेली ही माणसं वर्षानुवर्षं येत राहिली. ग्रेंजटाउनचंही तसंच. दाट वस्ती, सोमाली, बांगलादेशी, वेल्श अशी सरमिसळ. बागेतलं बंद पडलेलं बोलिंगचं सभागृह रहिवाशांनी विद्यापीठाच्या जोडीनं मागून घेतलं, नव्यानं बांधलं, आणि २०२० मध्ये ‘ग्रेंज पॅव्हिलियन’ म्हणून उघडलं. याला आठ-एक वर्षं लागली, लॉटरीचा निधी लागला, पगारी समन्वयक लागले. यातून मला दिसतं ते असं, की गरीब उपनगरात इच्छेचा दुष्काळ नसतो. दुष्काळ असतो तो चिटणिसाच्या पगाराचा, म्हणजे अर्ज लिहिणाऱ्या, विमा भरणाऱ्या, मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पोलीस-पडताळणी करून घेणाऱ्या, हिशेब धर्मादाय आयोगाला पाठवणाऱ्या एका माणसाच्या पगाराचा. श्रीमंत उपनगरात हे काम निवृत्त लेखापाल फुकट करतो; गरीब उपनगरात त्यासाठी पैसे मोजावे लागतात. आणि असे पगार देणारी ‘कम्युनिटीज फर्स्ट’ हीच योजना वेल्स सरकारनं २०१८ मध्ये गुंडाळली. त्यावर राग काढायचा तर मी तुमच्या शेजारी उभा आहे. पण तो राग स्वयंसेवकांवर काढू नका.

“बरं, वस्तीनं एकत्र येऊन काय केलं तेही पाहू. उत्तर कार्डिफमध्ये संघटित रहिवाशांचा आवाज सर्वांत मोठा कधी निघतो? बांधकामाला विरोध करताना. शहराला घरं हवी आहेत. २०१६ च्या विकास आराखड्यात २०२६ पर्यंत चाळीस हजारांहून जास्त घरांचा हिशेब होता. ती कुठंतरी बांधावीच लागणार. आणि व्हिटचर्चला तर लोकांनी कर्करोग रुग्णालयाला विरोध केला. रुग्णालयाला! आग्नेय वेल्समधले सुमारे पंधरा लाख लोक ज्यावर अवलंबून, त्या वेलिंड्रच्या नव्या इमारतीपेक्षा यांना कुत्री फिरवायचं कुरण प्यारं. तुमचं पत्रक हीच बातमी घरोघर पोचवत होतं.”

पत्रकानं बातमी पोचवली हा गुन्हा होत नाही, पण आक्षेप टाळत नाही. आधी लॅनिशेनचं प्रकरण सांगतो, कारण वरवर तेही असंच दिसतं. लॅनिशेनचा तलाव १८८६ सालचा, शहराला पाणी पुरवायला बांधलेला. पाणीपुरवठा खासगी झाला, कंपन्या हातोहात विकल्या गेल्या, आणि २००० मध्ये ‘वेस्टर्न पॉवर डिस्ट्रिब्युशन’ या अमेरिकन मालकीच्या वीज कंपनीकडे सगळं आलं. वर्षभरात तिनं पाण्याचा व्यवसाय नफा न वाटणाऱ्या ‘ग्लास कमरी’ या कंपनीला देऊन टाकला आणि हा तलाव तेवढा बाजूला काढून ठेवला. पाणी काढा, घरं बांधा, असा बेत. रहिवाशांनी ‘रेझर्व्हॉयर ॲक्शन ग्रुप’ काढला. ही माणसं नुसती घोषणा देत बसली नाहीत. चौकशांमागून चौकशा झाल्या, प्रत्येकीला ती कागद घेऊन हजर. तलावाच्या बांधांवरच्या गवतात वॅक्सकॅप जातीच्या दुर्मीळ अळंब्या आहेत, त्यामुळे त्या जागेला शास्त्रीय महत्त्वाचं स्थळ म्हणून संरक्षण मिळालं. बांधकामाला वारसा-यादीत स्थान मिळालं. तरीही २०१० मध्ये कंपनीनं तलाव रिकामा केला. पुढं तो एका पोलाद कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये त्याच ‘ग्लास कमरी’च्या ‘वेल्श वॉटर’नं दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेतला, पुन्हा भरला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात लोकांना खुला केला. आज तिथं शिडाच्या होड्या चालतात, आणि त्या बघायला येणारे फक्त लॅनिशेनचे नसतात. वीसेक वर्षं चिवटपणे चाललेल्या या कामाला स्वार्थी म्हणायचं असेल तर म्हणा. त्याचं फळ अख्ख्या शहराला मिळालं.

व्हिटचर्चचं तसं नाही, आणि तिथं मी रहिवाशांच्या निष्कर्षाशी सहमत नाही. १९५६ पासूनचं वेलिंड्र अपुरं पडत होतं, नवं हवं होतं. पण त्यांच्या विरोधात एक प्रश्न असा होता, जो कुत्री फिरवण्याच्या पलीकडचा होता: कर्करोगाचं रुग्णालय अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात का नको? हाच प्रश्न अनेक डॉक्टरांनीही जाहीर पत्रं लिहून विचारला. तो इतका तापला की ‘नफिल्ड ट्रस्ट’कडून स्वतंत्र सल्ला मागवावा लागला, आणि २०२० च्या अखेरीस तो आला. शेवटी सरकारनं कुरणावरच बांधायचं ठरवलं आणि बांधकाम सुरू झालं. संघटित शेजारी हरले. त्यांनी हरायलाच हवं होतं, असं मला वाटतं. कारण पंधरा लाखांच्या गरजेचा निवाडा एका उपनगरानं करायचा नसतो. संघाचा अधिकार प्रश्न विचारण्यापुरता आहे, निकाल देण्यापुरता नाही, आणि ही मर्यादा आमच्या बाजूचे लोक सोयीनं विसरतात. पण प्रश्न विचारला गेल्यामुळे सरकारला आपली कारणं कागदावर मांडावी लागली. रुग्णांचंही त्यात काही नुकसान झालं नाही, दिरंगाई सोडली तर. आणि दिरंगाई हे नुकसान आहे, हेही मी मान्य करतो.

“म्हणजे निवाड्याचा अधिकार नाही, आणि निवडूनही कोणी दिलेलं नाही. वार्षिक सभेला वीस डोकी. मागचं इतिवृत्त वाचून कायम, तोच अध्यक्ष बिनविरोध, सूचक तेच आणि अनुमोदकही तेच. हे लोक उपनगराच्या नावानं पत्रं कसली लिहितात? त्यापेक्षा सरळ निवडून येणारी परिषद असू द्या. वेल्सच्या कायद्यात ती सोय आहे. ‘कम्युनिटी कौन्सिल’ कर बसवू शकते, कारकून नेमू शकते, आणि लोक तिला पाडूही शकतात.”

सोय आहे, आणि कार्डिफमध्ये ती कशी वाटली गेली आहे हे पाहण्यासारखं आहे. लिसवेन, ओल्ड सेंट मेलन्स, पेंटिर्ख, रॅडर-मॉर्गन्सटाउन, सेंट फॅगन्स आणि टाँगविनलाइस: अख्ख्या शहरात या सहाच परिषदा, सगळ्या शहराच्या कडेला. रूबायनाला नाही, व्हिटचर्चला नाही, ईलीला आणि ग्रेंजटाउनलाही नाही. म्हणजे जिथं वस्ती दाट आहे तिथं रहिवाशांकडे कायद्यानं दिलेलं व्यासपीठच नाही. ती जागा रहिवासी संघ भरून काढतो, कसलाही अधिकार नसताना. शिवाय इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानं वस्तीला मोलाच्या वाटणाऱ्या वास्तू यादीत घालून त्यांच्या विक्रीच्या वेळी बोली लावायला मुदत मागता येते. स्कॉटलंडमध्ये तर वस्तीला जमीन विकत घेण्याचा हक्क २००३ च्या कायद्यापासून आहे. वेल्समध्ये यातलं काहीच लागू नाही. पुढच्या पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा करून (२०१५ चा) जगाची वाहवा मिळवणाऱ्या या देशानं शेजाऱ्यांच्या हाती मात्र फारसं काही दिलेलं नाही. तेव्हा तुमची परिषदेची मागणी मला मान्य आहे.

“चला, म्हणजे शेवटी माझ्याच अर्जावर तुमची सही.”

सही करतो, पण एक अडचण तुमच्यासमोर ठेवून. वेल्समधल्या या परिषदांच्या निवडणुकांत मोठ्या संख्येनं जागा बिनविरोध भरल्या जातात. कित्येक ठिकाणी उमेदवारच मिळत नाही आणि मग बसलेले सभासद आपल्या ओळखीतला कोणी तरी घेतात. तुम्ही ज्याला हसलात त्या वीस डोक्यांच्या सभेपेक्षा हे फार निराळं नाही, फक्त त्याला कराची पावती जोडलेली असते. उमेदवार नसतात कारण परिषद काय करते हेच मतदाराला ठाऊक नसतं. तेव्हा अर्ज देण्याआधी वर्ष-दोन वर्षं पत्रक नेमानं निघू द्या, आणि ते भाड्याच्या घरांतही टाका, जिथून आज कोणीच सभेला येत नाही. सभागृह तासाच्या भाड्यानं घेऊन आपले सण साजरे करणारी जी मंडळं आहेत, आपल्या लोकांचीही, त्यांचं नाव सभागृहाच्या आरक्षणाच्या वहीत असतं आणि सभासदांच्या यादीत नसतं. पत्रक त्यांच्या हातात पडू द्या, आणि त्यांच्याकडचाही मजकूर मागा. कार्यकारिणीवरच्या पदाला मुदत घाला, सलग दोनदाच्या वर कोणी नको. एका अर्धवेळ चिटणिसाचा पगार वर्गणीतून निघत नसेल तर तो पालिकेकडे मागा, आणि पैसे दिले म्हणून तिनं टीका थांबवायला सांगितलं तर पुढच्याच अंकात ते छापा. या शेवटच्या कारणासाठी पत्रकाचा संपादक कार्यकारिणीच्या सभेला बसावा, पण त्याला तिथं मत असू नये.